येनाची साल

गोवर्धनभाऊ गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलाची यादी केली. कारखान्यातून माणूस गेला की त्याच्या ताब्यातलं सामान लिहून घ्यायचं, हा माझा नियम आहे. यादी अशी झाली: टॉर्च एक, सेल नसलेला. रोहू माशाचे वाळलेले खवले, काडीपेटीत. फणसाच्या सालीचा आक्रसलेला तुकडा. सापाची कात, वहीच्या पानांत दाबलेली. कान तुटलेला कप. बोटभर रुंदीच्या लाकडी पट्ट्या, तांदळाच्या पिशवीत, तेवीस. कॉम्प्युटर, चित्राची पाटी आणि तिचं पेन कारखान्याचं, म्हणून वेगळं लिहिलं. माझ्या याद्यांना शेवटी 'काय करायचं' असा रकाना असतो. या यादीतला तो रकाना मी अजून भरलेला नाही.

आमचा कारखाना साकोलीत, हायवेला लागून. दारं, देवघरं, पलंगाच्या पाठी असं नक्षीचं लाकूडकाम. हातानं कोरणारे आता मिळत नाहीत. नक्षी कॉम्प्युटरवर घडवायची आणि मशीनला द्यायची. मशीनचा फिरता कटर वरून खाली येतो आणि सागवानात तेच रूप खोदतो. घडवायचं काम गोवर्धन बोपच्यांचं. मशीन कवडूच्या ताब्यात. ऑर्डर घेण्यापासून दार पोचवण्यापर्यंतचं बाकी सगळं माझ्याकडे.

गोवर्धनभाऊ बपेऱ्याचे. घरी कोण कोण, शिक्षण किती, हे मला फॉर्मपुरतंच ठाऊक आहे. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे टॉर्च. हा टॉर्च ते रात्रीसाठी बाळगत नसत. भर दुपारी, चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, कुठेही भिंत दिसली की ते टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा उजेड पाडत. समोरून सपाट दिसणारी भिंत अशा उजेडात उठून यायची. गवंड्याच्या थापीचे फटकारे, चुन्याचे फोड, पाण्याचे ओघळ, सगळं.

"पाहा ताई," ते म्हणत, "सपाट असं काहीच नसते. उजेड सरळ असते म्हणून आपल्याले तसं वाटते."

त्यांचं काम मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे ओल्या मातीचं आहे. पडद्यावर एक करडा गोळा. पेन पाटीवर दाबलं की गोळा दबतो, ओढलं की वर येतो. तासाभरात त्या गोळ्याला मोराचा ढोबळ आकार आला. मोराच्या अंगावर पिसं आणायला तयार छाप मिळतात. रांगोळीचा छाप असतो तसेच. एकदा उमटवला, पुढे सरकवला, पुन्हा उमटवला, की दहा मिनिटांत अंग भरतं. त्यांच्या आधी या कामावर असलेला मुलगा तसंच करायचा. मी डायरीत मोरासाठी अर्धा दिवस धरला होता. गोवर्धनभाऊंनी नुसत्या मानेला तीन दिवस घेतले.

तिसऱ्या दिवशी मी डायरी घेऊन त्यांच्यामागे उभी राहिले.

"छाप आहेत ना भाऊ आपल्याकडे?"

"आहेत ना."

"मग?"

"मानेवरचं पीस पाठीवर चालते का, ताई? तुमच्या हाताची कातडी टाचेले लावली तं चालन का?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. मनगटाजवळची कातडी आणि बोटाच्या पेरावरची कातडी वेगळी असते, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पडद्यावर मोराची मान जवळ आणली. डोक्याजवळ पिसं तांदळाच्या कणीएवढी, खाली येता येता मोठी, आणि वळणावर एका बाजूला दाटलेली, दुसऱ्या बाजूला फाकलेली, कारण मान वळली की कातडी तशीच ओढली जाते. त्यांनी अजून जवळ आणलं. प्रत्येक पिसाला मधली शीर होती. अजून जवळ आणलं, तर शिरेला फाटे होते. कवडू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "एवढं बारीक माझं मशीन खोदत नाही, भाऊ."

"मले माहीत आहे."

"मंग कायले करता?"

"मले माहीत पाहिजे ना, तिथं काय आहे ते."

मी डायरीत अर्धा दिवस खोडून आठ दिवस लिहिले. मोराच्या त्या दारासमोर आमचं गिऱ्हाईक बराच वेळ उभं राहिलं. ते दार विकायला आम्हाला काही सांगावं लागलं नाही.

त्यांची एक रीत होती, ती ते कोणालाही सांगत: "आधी अंग, मंग कातडी." शिकाऊ माणूस पहिल्याच तासाला खवले काढायला बसतो, आणि मग खालचं अंग चुकलेलं असलं तरी खवल्यांच्या मोहापायी ते मोडत नाही. गोवर्धनभाऊ दोन दोन दिवस अंगच घडवत बसत. त्या दिवसांत त्यांचा पडदा पाहून हा माणूस काही करतच नाही असं वाटे. मग एका सकाळी कातडी यायला लागायची.

तुमसरच्या एका धानाच्या व्यापाऱ्यानं दाराच्या दोन्ही फळ्या भरून धानाच्या लोंब्या मागितल्या होत्या. एवढ्या मोठ्या दारावर लोंबी अन् लोंबी वेगळी घडवली तर महिना जाईल. म्हणून एक चौकोन घडवायचा आणि तोच जोडत न्यायचा. डावी कड उजवीला आणि वरची खालच्याला अशी जुळवायची की सांधा दिसू नये. सांधा लपवणं बऱ्याच जणांना जमतं. पण तीच लोंबी तशीच वाकलेली पुन्हा आली की डोळ्याला कळतं. माणसाचा डोळा अशा बाबतीत फार चोंबडा असतो.

कवडूनं पैज लावली. चौकोन कुठे परत येतो ते शोधून दाखवीन, नाही तर आठवडाभर सगळ्यांचा चहा मी करीन. तो टेप घेऊन दारासमोर बसला. जेवणाच्या सुट्टीतही बसला. एकदा म्हणाला, "सापडलं," आणि खडूनं दोन खुणा केल्या. गोवर्धनभाऊंनी टॉर्च लावून दाखवलं की एकीत लोंबीमागे पान आहे, दुसरीत नाही. चौकोन एकच होता. तो त्यांनी कुठे फिरवून ठेवला होता, कुठे एखादी काडी वेगळी दाबली होती. तेवढ्यानं नजर फसत होती. कवडूनं आठवडाभर चहा केला आणि तो फार वाईट होता.

खवल्यांसाठी ते एकदा आठवडी बाजारात गेले. मी भाजी घेत होते, म्हणून मी तो प्रसंग पाहिला. मासळीवालीच्या पाटीतला रोहू त्यांनी उचलला, टॉर्च लावला, उलटा केला, पुन्हा टॉर्च लावला. बाई पाहत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, घेऊन राहिले का लगन लावून राहिले त्याच्यासंग?" आजूबाजूचे हसले. गोवर्धनभाऊ हसले नाहीत. त्यांनी मासा घेतला, आणि बाईला विचारलं की पोटाकडचे खवले बारीक काहून असतात. ती म्हणाली, "वाकावं लागते ना त्याले." हे उत्तर त्यांनी महिनाभर येईल त्याला सांगितलं.

आता भिंतीची गोष्ट.

जिल्ह्यातल्या एका अंध मुलांच्या निवासी शाळेतून काम आलं. व्हरांड्यात एक लाकडी भिंत हवी होती, बारा फळ्यांची. प्रत्येक फळीवर आपल्या भागातलं काही: मासा, कासवाची पाठ, कमळाचं पान, मोह, तेंदू, येन. मुलांनी हात लावून जंगल ओळखावं अशी कल्पना. ती कल्पना शाळेच्या संगीत शिक्षिका यमुताईंची होती. यमुताई आंबागडच्या. दहाव्या वर्षी तापात त्यांचे डोळे गेले. त्याआधी आईसोबत मोहफुलं वेचायला जंगलात जात. भिंतीसाठी त्या कित्येक वर्षं शाळेच्या मागे लागल्या होत्या. शाळा चालवणारी संस्था एकदाच तयार झाली होती. ही भिंत फसली असती तर दुसरी होणार नव्हती.

येन म्हणजे पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात ते झाड. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी फाटलेली असते. नमुन्याला गोवर्धनभाऊंनी तीच निवडली. बारा दिवस त्यांनी त्या एका फळीवर घालवले. कवडूनं खोदली, आम्ही ती उजेडात उभी केली, आणि मला खरोखर वाटलं की हिला पाणी घातलं तर पालवी फुटेल. संस्थेची माणसं पाहायला आली. त्यांनी फोटो काढले, गोवर्धनभाऊंशी हात मिळवले. मी डायरीत 'नमुना मंजूर' असं लिहायला घेतलं.

यमुताई त्यांच्यासोबत आल्या होत्या. त्या पुढे झाल्या, दोन्ही तळवे फळीवर ठेवले आणि फिरवले. मग हात काढून पदराला पुसले.

"बिस्किट आहे," त्या म्हणाल्या.

फोटो काढणाऱ्यानं फोन खाली घेतला.

"चांगलं आहे. चौकोनी बिस्किटं ओळीनं मांडल्यासारखं लागते. पण हे झाड नाही होय."

संस्थेतले एक गृहस्थ म्हणाले, "यमुताई, अहो हुबेहूब आहे. आम्ही बघतोय ना."

"तुमाले डोळे आहेत, तुमाले आवडलं. पोरायले मी काय सांगू? हात लावा अन् साहेबायले विचारा?"

मी गोवर्धनभाऊंकडे पाहिलं. त्यांच्या हातात टॉर्च चालूच होता. त्यांनी तो बंद केला.

"मंग येन कसं असते, ताई?"

"मले सांगता नाही येत. झाडाजवळ न्या, तं दाखवतो."

दुसऱ्या दिवशी यमुताई, गोवर्धनभाऊ आणि मी कारखान्याच्या गाडीतून निघालो. नागझिऱ्याच्या रस्त्याला, एका धानाच्या बांधावर जुनं येन होतं. यमुताईंनी आधी झाडाचा वास घेतला. मग तळवा बुंध्यावर ठेवून वरून खाली ओढला. "हे असं घसरते." मग खालून वर नेला. "अन् असं अडवते. पोट्टं झाडावर चढते तवा हात खालून वर जाते ना? झाड त्याले धरून ठेवते." सालीच्या चौकटी खालच्या कडेला बुंध्यापासून जराशा सुटलेल्या होत्या. आम्ही दोघांनीही ते झाड कैक वेळा पाहिलं होतं.

"डोळे मिटा," त्यांनी गोवर्धनभाऊंचा हात धरून सालीवर ठेवला. "मिटले?"

"हाव."

"खोटं बोलता. पाहणाऱ्या माणसाचा हात डोळ्याच्या मागं मागं येते. तुमचा तसाच येऊन राहिला."

गोवर्धनभाऊंनी खरोखर डोळे मिटले. यमुताईंनी त्यांचा हात खालून वर नेला, मग पुन्हा, मग पुन्हा. एकदम त्यांनी आपला हात मागे घेतला आणि जोरात झटकला.

"मुंगळे," त्या म्हणाल्या. "भेगेत राहतात. लहानपणी माय म्हणे, येनाले हात लावला का झटकाचा, पाह्यत नाही बसाचं."

परतताना साकोलीत शिरलो तेव्हा गोवर्धनभाऊ मला म्हणाले, "एवढे वर्ष मी उजेड घडवून राहिलो होतो, ताई."

ते म्हणाले त्याचा अर्थ मला पुढच्या दिवसांत कळला. पडद्यावर खोली दिसते ती सावलीमुळे. ते नकळत सावलीसाठी घडवत होते. बोटाला सावली लागत नाही. अडचण मशीनची होती. कटर वरून येतो, चौकटीच्या कडेखाली शिरू शकत नाही, त्यामुळे सुटलेली कड त्याला खोदताच येत नाही. मग त्यांनी चौकटीचा वरचा भाग लांब उतरता केला आणि खालची कड एकदम सरळ तोडली. वरून खाली हात गेला की घसरावा, खालून वर नेला की अडावा. पण किती उतार, किती तोड, दोन भेगांत किती अंतर, हे पडद्यावर कळत नव्हतं. म्हणून कवडू बोटभर पट्ट्या खोदायचा, गोवर्धनभाऊ त्या तांदळाच्या पिशवीत टाकायचे आणि न पाहता आत हात घालायचे. मग त्यांनी आम्हालाही हात घालायला लावला. मी तक्ता केला: पट्टीचा नंबर, कोणी हात लावला, काय वाटलं. कवडूच्या नावापुढे सात ठिकाणी 'खारी' लिहिलेलं आहे, एके ठिकाणी 'सासऱ्याची दाढी'.

दिसायला ही नवी साल वाईट होती. तुटक्या पायऱ्यांसारखी. संस्थेला फोटो पाठवला, तर उलट फोन आला की पहिलीच सुरेख होती, ही का बिघडवता. आमचे मालक भला माणूस, पण त्यांनाही तेच वाटलं. ते टेबलाशी येऊन म्हणाले, "गिऱ्हाईक खूश आहे तं पहिली देऊन टाक ना, गोवर्धन."

"देऊन टाका. पण माझं नाव काढा तिच्यावरून."

"तुझं नाव कोठं आहे तिच्यावर?"

गोवर्धनभाऊंनी जरा विचार केला. "नाही आहे," ते म्हणाले. "तरी पण काढा."

मालक माझ्याकडे वळले आणि विचारलं, पोचवायची तारीख काय. मी डायरी उघडली. एकदा कबूल केलेली तारीख मी खोडत नाही. त्या दिवशी खोडली, तीन आठवडे पुढची लिहिली, आणि शाळेला फोन मीच केला. फोन संस्थेला केला नाही. यमुताईंना केला. त्या म्हणाल्या, "पोरं अकरा वर्ष थांबली. अजून थांबतीन."

त्या नव्या तारखेपर्यंत गोवर्धनभाऊंनी बाराच्या बारा फळ्या याच रीतीनं घडवल्या. टॉर्चमधले सेल काढून कवडूला दिले, त्यानं ते भिंतीवरच्या घड्याळात घातले. एकदा मी गेले तर त्यांनी पडद्यावर टॉवेल टाकला होता आणि पेन हातात धरून, डोळे मिटून, दुसऱ्या हातानं एक पट्टी चाचपत बसले होते. मी आले तशी परत गेले. त्या माणसाचा हात तेव्हा कुठे होता, साकोलीत की त्या बांधावर, मला सांगता येणार नाही.

भिंत बसली त्या दिवशी शाळेत छोटा कार्यक्रम होता. पाहुण्यांची भाषणं झाली. मग यमुताई एका टोकापासून निघाल्या. मागे मुलं ओळीनं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. पहिल्या फळीवर त्यांनी हात ठेवला. "रोहू," त्या म्हणाल्या. मग हात उलटा नेला. "डोस्कं इकडं आहे." पुढे कासव. पुढे मोह. प्रत्येक फळीपाशी त्या नाव घेत आणि मागच्या मुलीचा हात तिथे ठेवत. नववी फळी येनाची होती.

गोवर्धनभाऊ सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून, खाली आपल्या पायांकडे पाहत उभे होते. कवडू त्यांच्या शेजारी.

यमुताईंनी तळवा फळीच्या तळाशी ठेवला आणि वर नेला. हात अडला. त्या थांबल्या. पुन्हा खाली नेला, पुन्हा वर. त्यांनी नाव घेतलं नाही. एकदम हात मागे ओढला आणि जोरात झटकला, दोनदा.

मागची मुलगी घाबरून म्हणाली, "काय झालं, बाई?"

यमुताईंनी तिचा हात धरला. "येन होय," त्या म्हणाल्या. "हात लाव. अन् लावला का झटकाचा."

कवडूनं गोवर्धनभाऊंना कोपरानं ढोसलं. "पाह्यलं का?"

"हाव," ते म्हणाले. पण ते खालीच पाहत होते.

पुढच्याच आठवड्यात त्यांना हैदराबादहून बोलावणं आलं. कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी प्राणी घडवणारी कंपनी. कोणीतरी आमच्या भिंतीचे फोटो पाहिले होते. आता ते राक्षसांच्या आणि अजगरांच्या कातड्या करतात, असं कवडू सांगतो. जगात कुठेतरी मुलं एखाद्या राक्षसाशी लढत असतील आणि त्याच्या पाठीवर नागझिऱ्याच्या रस्त्यावरचं येन असेल. ते निघाले तेव्हा मी तुमसरला दार पोचवायला गेले होते, त्यामुळे निरोप घेता आला नाही. माझ्या मनात राहिलेलं त्यांचं दर्शन शाळेतलंच.

कार्यक्रम झाल्यावर जेवणं होती. आमच्या माणसांची यादी माझ्याकडे होती. सगळ्यांची पानं मांडली, एक रिकामं राहिलं. मी शोधत व्हरांड्यात गेले. मुलं केव्हाच पंगतीला गेली होती. गोवर्धनभाऊ एकटे नवव्या फळीपाशी उभे होते, डोळे मिटलेले, मान जराशी कलती. त्यांनी तळवा खाली ठेवला आणि सावकाश वर नेला. अर्ध्यावर हात थांबला. मग त्यांनी तो पटकन मागे घेतला आणि झटकला.

मी हाक मारली नाही. परत येऊन त्यांच्या पानावर ताट झाकलं आणि यादीत नावापुढे 'नंतर' असं लिहिलं.